तारांच्या जोडीची शिस्त : छोट्या व्यवसायातील डिजिटल दूरध्वनी यंत्रणा

छोट्या व्यवसायाची दूरध्वनी यंत्रणा म्हटली की टेबलावरचे फोन आणि भिंतीवरची पेटी एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग भिंतीतील नळ्यांत, छताच्या वर, केसिंग पट्टीच्या आत आणि एखाद्या कोपऱ्यातील वितरण चौकटीवर असतो, आणि यंत्रणा वर्षानुवर्षे विनातक्रार चालणार की दर पावसाळ्यात बंद पडणार हे बहुतांशी या न दिसणाऱ्या भागावर ठरते. पेटी विकत आणता येते व बिघडली तर बदलता येते. तारांचे जाळे मात्र त्या त्या इमारतीतच उभे करावे लागते आणि त्यातील चूक एकदा प्लास्टरखाली गेली की ती शोधून काढणे फार अवघड होते. म्हणून पुढील विवेचनात पेटीच्या सोयींपेक्षा तिच्याकडे येणाऱ्या व तिच्यापासून निघणाऱ्या तारांचा विचार अधिक केला आहे. उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातील तीन मजली, वीस-पंचवीस खाटांचे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे ठेवले आहे. दुकान, पतसंस्था किंवा मालवाहतुकीचे कार्यालय असले तरी तत्त्व तेच राहते, पण फोन न लागण्याची किंमत रुग्णालयात सर्वांत जास्त असल्यामुळे तिथे प्रत्येक निर्णयामागचे कारण अधिक स्पष्ट दिसते.

अशा ठिकाणी बसवले जाणारे मध्यवर्ती यंत्र ईपीएबीएक्स या नावाने ओळखले जाते. इमारतीपुरते मर्यादित असे ते एक छोटे स्वयंचलित टेलिफोन एक्सचेंजच असते. दूरसंचार कंपनीकडून येणाऱ्या बाहेरच्या लाईनला ट्रंक म्हणतात आणि इमारतीतील प्रत्येक फोनला एक्स्टेंशन म्हणतात. तीन ट्रंक व आठ एक्स्टेंशन असलेल्या यंत्राला बाजारात नुसते ‘थ्री-झीरो-एट’ म्हटले जाते, आणि अनेक यंत्रांत कार्ड वाढवून ही क्षमता आठ ट्रंक व चोवीस एक्स्टेंशनपर्यंत नेता येते. सर्व एक्स्टेंशनना प्रत्येकी स्वतंत्र लाईन घेण्याऐवजी मोजक्या ट्रंक सर्वांनी वाटून घ्यायच्या आणि आपसातील बोलणे बाहेर न जाता आतल्या आत जोडायचे, हा या यंत्राचा मूळ हेतू होय.

भारतात मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे १८८२ मध्ये दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि त्यानंतर दीर्घकाळ मोठ्या कार्यालयांतील अंतर्गत जोडणी दोरीच्या टोकावरील प्लग हाताने लावणाऱ्या ऑपरेटरच्या बोर्डावर होत असे. अमेरिकेत १९६० च्या दशकात छोट्या कार्यालयांसाठी बटणांचे व दिव्यांचे फोन रूढ झाले, ज्यांत कोणती लाईन मोकळी आहे हे दिव्यावरून कळत असे. परंतु प्रत्येक बटण व प्रत्येक दिवा यांना वेगळी तार लागत असल्यामुळे एकेका टेबलापर्यंत पंचवीस जोड्यांची, म्हणजे पन्नास तारांची जाड केबल न्यावी लागे. भारतात १९८४ मध्ये फोन व ईपीएबीएक्स यांसारखी ग्राहकाच्या जागेवरची उपकरणे बनवण्याची मुभा खासगी उद्योगांना मिळाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आणि तिने विकसित केलेल्या १२८ पोर्टच्या एक्सचेंजचे तंत्रज्ञान देशी कारखान्यांना मिळाल्यानंतर इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज मोठ्या कंपन्यांपुरते मर्यादित राहिले नाही. आजचा डिजिटल की-फोन, म्हणजे पडदा, दिवे व अनेक बटणे असलेला स्वागतकक्षातील फोन, हे सर्व काम अवघ्या दोन तारांवर करतो. पन्नास तारांवरून दोन तारांवर येण्याचे कारण डिजिटल या शब्दाच्या अर्थातच आहे.

बोलण्याचा आवाज म्हणजे हवेतील सतत बदलणारी कंपने. मायक्रोफोन त्यांचे तशाच सतत बदलणाऱ्या विद्युत प्रवाहात रूपांतर करतो, आणि हा प्रवाह जसाच्या तसा तारेवरून पाठवला की त्याला ॲनालॉग पद्धत म्हणतात. डिजिटल पद्धतीत हा प्रवाह सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो व प्रत्येक माप २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीत बसवून आठ बिटांच्या आकड्यात लिहिले जाते, त्यामुळे एका संभाषणाच्या एका दिशेसाठी सेकंदाला ६४,००० बिट लागतात. दूरध्वनीवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा वाहून नेला जातो आणि सर्वाधिक वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप केले तर मूळ लहर पुन्हा उभी करता येते, या सिद्धांतावरून ८००० हा आकडा आला. ॲलेक रीव्हज या ब्रिटिश अभियंत्याने १९३७ मध्ये पॅरिसमध्ये काम करताना ही कल्पना मांडली; परंतु निर्वात नळ्यांच्या काळात ती परवडणारी नव्हती आणि ट्रान्झिस्टर आल्यावरच तिचा व्यवहारात उपयोग होऊ लागला. आकड्यांच्या या प्रवाहात आवाजाच्या बिटांबरोबर ‘अमुक बटण दाबले’, ‘अमुक दिवा लावा’, ‘पडद्यावर हे नाव दाखवा’ असे संदेशही गुंफता येतात. अनेक डिजिटल यंत्रणांमध्ये एका जोडीवर आवाजाच्या दोन वाहिन्या आणि संदेशांची सेकंदाला १६,००० बिटांची एक लहान वाहिनी अशी रचना असते. यंत्राच्या आतही प्रत्यक्ष तार तारेला जोडली जात नाही. प्रत्येक संभाषणाला काळाचा एक अतिसूक्ष्म तुकडा वाटून दिला जातो आणि एका तुकड्यातील आकडा दुसऱ्या तुकड्यात ठेवला की दोन फोन जोडले जातात.

बसवण्याचे काम सुरू करण्यापूर्वी किती ट्रंक घ्यायच्या हे ठरवावे लागते, आणि येथे अंदाजापेक्षा चांगले साधन उपलब्ध आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रावरून, दिलेल्या वर्दळीला किती लाईन असल्यास किती कॉल अडतील हे काढता येते. एका तासात एकूण साठ मिनिटांचे बोलणे म्हणजे एक एरलांग अशी वर्दळीची मोजणी केली जाते. सकाळी दहा ते अकरा या सर्वाधिक वर्दळीच्या तासात रुग्णालयाचे वीस कॉल होतात व प्रत्येक कॉल सरासरी तीन मिनिटे चालतो असे धरल्यास वर्दळ बरोबर एक एरलांग होते. एवढ्या वर्दळीला एकच लाईन असेल तर दोनांपैकी एक कॉल अडतो, दोन लाईनवर पाचांपैकी एक, तीन लाईनवर सोळांपैकी एक आणि चार लाईनवर पासष्टांपैकी एक. तिसऱ्या आणि चौथ्या लाईनमधील हा फरक पाहिला की महिन्याचे भाडे वाचवण्यासाठी एक लाईन कमी घेण्याचा निर्णय रुग्णालयाने तरी घेऊ नये असेच म्हणावे लागते.

यंत्राची जागा कोरडी, हवेशीर आणि माणसाला उभे राहून सहज हात पोहोचेल अशी असावी. स्वच्छतागृहाची सामाईक भिंत, पाण्याच्या टाकीखालचा कोपरा, लिफ्टच्या मोटरीची खोली आणि एक्स-रे यंत्राचा शेजार या चार जागा टाळाव्यात. पहिल्या दोन ओलीमुळे, उरलेल्या दोन विद्युत गोंगाटामुळे.

यंत्राशेजारी वितरण चौकट बसवली जाते, जिला तंत्रज्ञ एमडीएफ म्हणतात. चौकटीची एक बाजू यंत्राच्या पोर्टची आणि दुसरी बाजू इमारतीतून आलेल्या केबलची असते, आणि या दोन बाजूंमध्ये जंपर वायरचे छोटे तुकडे टाकून कोणता पोर्ट कोणत्या खोलीला जाईल हे ठरवले जाते. केबल थेट यंत्रात खोचून ही चौकट वाचवण्याचा मोह छोट्या कामांत फार होतो. पण दुसऱ्या मजल्यावरील लेखा विभाग तळमजल्यावर आला, एखादा पोर्ट जळाला किंवा यंत्रच बदलायचे झाले, तर चौकट असलेल्या इमारतीत दोन जंपर हलवून काम संपते, आणि ती नसलेल्या इमारतीत प्रत्येक तार पुन्हा ओळखत बसावे लागते.

केबलमध्ये तारा सुट्या नसतात, त्या जोडीजोडीने पिळलेल्या असतात, आणि हा पीळ हा संपूर्ण विषयाचा गाभा आहे. शेजारून जाणारी विजेची तार किंवा दुसऱ्या फोनची जोडी आपल्या चुंबकीय क्षेत्राने या तारांत नको असलेला दाब निर्माण करते; दोन तारा समांतर असतील तर जवळच्या तारेवर तो अधिक व दूरच्या तारेवर कमी पडतो आणि हा फरक कानात घरघर होऊन ऐकू येतो. तारा एकमेकींभोवती पिळल्या की दर काही सेंटिमीटरला जवळची तार दूर व दूरची जवळ येते, दोन्ही तारांवर सारखाच दाब पडतो आणि फोन केवळ दोहोंमधील फरक ऐकत असल्यामुळे गोंगाट वजा होऊन जातो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ मध्ये या पिळाचे पेटंट घेतले होते, आणि आजची संगणकाची केबलही त्याच तत्त्वावर चालते. एकाच केबलमधील वेगवेगळ्या जोड्यांचे पीळ मुद्दाम कमी-जास्त अंतराचे ठेवलेले असतात, नाहीतर शेजारच्या जोड्या एकमेकींशी लय साधतील आणि संभाषणे एकमेकांत मिसळतील.

यावरून या कामातील सर्वांत फसवी चूक कोणती हे समजते. एका जोडीची एक तार व दुसऱ्या जोडीची एक तार मिळून एक फोन जोडला, तर तो वाजतो, त्यावर बोलता येते, साध्या मीटरवर तार अखंड दिसते. परंतु त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या नसल्यामुळे बाह्यरुग्ण विभागातील बोलणे औषधाच्या दुकानातील फोनवर पुसटसे ऐकू येऊ लागते, आणि डिजिटल फोन असेल तर तो अधूनमधून अकारण बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रुग्णालयात रुग्णाच्या आजाराची माहिती अशी झिरपणे ही केवळ तांत्रिक उणीव नाही. जोडी फुटू न देण्यासाठीच टेलिफोन केबलचे रंग ठरवलेले आहेत : पांढरा, लाल, काळा, पिवळा व जांभळा हे गटाचे पाच रंग, आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी व राखाडी हे गटातील क्रमाचे पाच रंग. पहिल्या पाच जोड्यांत एक तार पांढरी व दुसरी क्रमाने निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी असते. सहाव्यापासून दहाव्यापर्यंत पांढऱ्याची जागा लाल घेते, आणि याप्रमाणे पंचवीस जोड्यांना पंचवीस वेगळ्या ओळखी मिळतात. तेरावी जोडी कोणती असे विचारल्यास तिसऱ्या गटातील तिसरी, म्हणजे काळी-हिरवी, हे उत्तर केबल न उघडताही देता येते. ज्या कामात हा क्रम पाळलेला असतो तिथे वीस वर्षांनी येणाऱ्या अनोळखी तंत्रज्ञालाही चौकट वाचता येते.

तारांची टोके चौकटीवर बसवण्यासाठी आता बहुतेक ठिकाणी क्रोन मॉड्यूल वापरले जाते, ज्याच्या एका पट्टीवर दहा जोड्या बसतात. त्यातील प्रत्येक खाचेत धातूच्या दोन धारदार पात्या तिरप्या उभ्या असतात. तार न सोलता खाचेवर ठेवून क्रोन टूलने दाबली की पात्या वेष्टन कापून तांब्याला दोन्ही बाजूंनी घट्ट पकडतात आणि टूलची कात्री उरलेले टोक त्याच दाबात कापून टाकते. ही पकड हवाबंद असल्यामुळे तिथे गंज धरत नाही. टूल नाही म्हणून पेचकसाने तार दाबली तर पात्या फाकतात आणि ती खाच पुन्हा कधीही विश्वासाची राहत नाही. एका खाचेत दोन तारा कोंबण्याचेही तसेच. मॉड्यूलपर्यंत पीळ शक्य तितका टिकवावा, कारण चौकटीजवळ हातभर उलगडलेल्या जोड्या म्हणजे हातभर असुरक्षित तारा.

तार निवडताना तांबे शुद्ध आहे की तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे हे पाहणे आवश्यक असते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या शुद्ध तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन विद्युत रोध किलोमीटरला सुमारे १७६ ओम असतो. मुलाम्याच्या तारेचा रोध त्याच्या सुमारे दीडपट होतो आणि ती दोन-चार वेळा वाकवली की तुटते. तीन मजली इमारतीत अंतर थोडे असल्यामुळे वाढलेला रोध एक वेळ खपून जाईल, पण तुटकेपणा खपत नाही. नवीन बांधकामात संगणकासाठी वापरली जाणारी चार जोड्यांची केबलच फोनसाठीही टाकणे शहाणपणाचे ठरते, कारण तिच्या निळी, नारिंगी, हिरवी व तपकिरी या चार जोड्या टेलिफोन केबलच्या पहिल्या चार रंगांप्रमाणेच असतात, निळी जोडी सॉकेटच्या मधल्या दोन टोकांवर येते आणि फोनचा लहान प्लग त्याच मधल्या टोकांना भिडतो. आज फोन आणि उद्या संगणक, अशी सोय त्यामुळे एकाच सॉकेटवर राहते. विजेच्या तारा आणि फोनच्या तारा एका नळीत कधीही घालू नयेत. समांतर जाताना दोहोंत साधारण फूटभर अंतर राखावे आणि एकमेकींना ओलांडायचे झाल्यास काटकोनात ओलांडावे.

घरातील जुन्या फोनची तार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत साखळीसारखी नेऊन वाटेत हवे तिथे समांतर फोन जोडण्याची सवय वायरमनच्या हाताला असते, आणि डिजिटल यंत्रणेत नेमकी हीच सवय अडचण करते. ॲनालॉग फोनला अशी फाटाफूट चालते, कारण बोलण्याच्या कमी वारंवारतेला दहा-वीस मीटरचा फाटा जाणवत नाही. डिजिटल फोनवर सेकंदाला लाखाहून अधिक बिट जात असतात. मोकळ्या सोडलेल्या फाट्याच्या टोकावर आपटून संदेशाचा काही भाग उलटा फिरतो, मूळ संदेशावर पडतो आणि पलीकडच्या यंत्राला शून्य व एक यांतला फरक कळेनासा होतो. म्हणून प्रत्येक डिजिटल फोनला चौकटीपासून थेट, वाटेत कुठेही फाटा नसलेली, स्वतःची एक जोडी लागते. खर्चाच्या दृष्टीने सर्वच फोन डिजिटल घेण्याची गरज मात्र नसते : स्वागतकक्ष, मुख्य डॉक्टर आणि परिचारिकांचे मुख्य टेबल येथे की-फोन, आणि खोल्या, स्वयंपाकघर व औषधाचे दुकान येथे साधे ॲनालॉग फोन अशी मिश्र रचना पुरेशी होते. ॲनालॉग पोर्ट घंटीसाठी सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब पाठवतो व डिजिटल पोर्ट तो पाठवत नाही, त्यामुळे दोन्ही प्रकारचे पोर्ट चौकटीवर वेगळ्या मॉड्यूलवर घ्यावेत आणि त्यांवर ठळक चिठ्ठी लावावी.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात आणि वळिवाच्या पावसात विजा कडाडणाऱ्या पट्ट्यात, अर्थिंगकडे झालेले दुर्लक्ष यंत्राचा जीव घेते. खांबावरून आलेल्या तांब्याच्या लाईनवर जवळपास वीज पडली तरी हजारो व्होल्टचा झटका आत येऊ शकतो. तो अडवण्यासाठी चौकटीवर प्रत्येक ट्रंकला वायूने भरलेली लहान नळी लावतात, जी नेहमीच्या दाबाला निर्जीव असते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे दाब जाताच क्षणात वाहक होऊन झटका जमिनीकडे वळवते. नळी लावली पण तिला अर्थिंगची तार जोडलीच नाही, असे दृश्य दुर्दैवाने दुर्मीळ नाही, आणि अशी नळी असून नसल्यासारखी असते. त्याहून सूक्ष्म चूक म्हणजे विजेच्या मीटरचे अर्थिंग एक आणि टेलिफोनसाठी खणलेला खड्डा वेगळा, दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. एका खड्ड्याचा रोध केवळ एक ओम असला तरी त्यातून हजार अँपिअरचा झटका गेल्यास ओमच्या नियमाप्रमाणे त्या अर्थिंगचा दाब हजार व्होल्टने वर उचलला जातो, दुसरे अर्थिंग मात्र खालीच राहते, आणि एका बाजूने विजेला व दुसऱ्या बाजूने टेलिफोनला जोडलेले यंत्र या दोहोंच्या मध्ये सापडते. म्हणून इमारतीतील सर्व अर्थिंग जाड तारेने एकमेकांना जोडून एकाच ठिकाणी आणणे हा नियम होय. कर्मचारी निवासासारख्या वेगळ्या इमारतीत एक्स्टेंशन नेली असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना संरक्षण हवे.

विजेचा पुरवठा जाताच काय होते याचाही विचार आधीच झालेला बरा. घरगुती इन्व्हर्टर वीज बदलून घेताना जो क्षणभराचा खंड पाडतो तेवढ्याने काही यंत्रे बंद होऊन नव्याने सुरू होतात व चालू असलेले सर्व कॉल तुटतात. त्यामुळे यंत्राला स्वतःची बॅटरी किंवा खंड न पाडणारा यूपीएस असावा. अनेक यंत्रांत वीज पूर्ण गेल्यावर एक ट्रंक आपोआप एका ठरावीक एक्स्टेंशनला थेट जोडणारा रिले असतो, आणि तांब्याच्या लाईनला लागणारी वीज दूरच्या एक्सचेंजमधून तारेवरूनच येत असल्यामुळे तेवढा एक फोन अंधारातही चालतो. ती एक्स्टेंशन साध्या ॲनालॉग फोनची असावी लागते, आणि रुग्णालयात तो फोन रात्रपाळीच्या परिचारिकेजवळ असावा.

तारा जुळल्या की क्रमांकांची आखणी येते, जी कागदावर क्षुल्लक वाटते. यंत्र दाबलेला प्रत्येक अंक डावीकडून वाचते आणि पहिल्या अंकावरूनच वाट ठरवते. त्यामुळे शून्य किंवा नऊ हा अंक बाहेरच्या लाईनसाठी राखून एक्स्टेंशनना २ किंवा ३ ने सुरू होणारे क्रमांक देणे सोयीचे असते. १ ने सुरू होणारे क्रमांक देऊच नयेत, कारण ११२ ही आणीबाणीची आणि १०८ ही रुग्णवाहिकेची सेवा त्याच अंकाने सुरू होते, आणि घाबरलेला माणूस आधी बाहेरची लाईन घ्यायची असते हे विसरतो. अमेरिकेत टेक्सासमधील मार्शल येथे २०१३ मध्ये एका हॉटेलच्या खोलीत आईवर प्राणघातक हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ फिरवले, पण त्याआधी ९ दाबायचे असते हे तिला ठाऊक नसल्यामुळे कॉल बाहेर गेलाच नाही. त्यानंतर तिथे झालेल्या कायद्याने १६ फेब्रुवारी २०२० पासून बसवल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक यंत्रणेतून आणीबाणीचा क्रमांक थेट लागलाच पाहिजे असे बंधन घातले. असा कायदा नसलेल्या ठिकाणीही ११२ व १०८ हे अंक दाबताच यंत्राने स्वतः ट्रंक घ्यावी अशी मांडणी, ज्या यंत्रांत शक्य आहे त्यांत, जरूर करावी, आणि हे क्रमांक कोणत्याही एक्स्टेंशनला बंद ठेवू नयेत.

कॉलवर निर्बंध घालण्याची कोष्टकेही काळाबरोबर तपासावी लागतात. लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य दाबणे १५ जानेवारी २०२१ पासून देशभर आवश्यक झाले, आणि ज्या यंत्रांत एसटीडी रोखण्यासाठी शून्यच अडवून ठेवले होते त्यांत मोबाईलचा मार्गही बंद होतो. शून्यानंतरच्या एका अंकावरून दोहोंत भेद करता येत नाही : मोबाईल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात हे खरे, पण नागपूरचा कोड ०७१२, अमरावतीचा ०७२१ आणि बंगळुरूचा ०८० असल्यामुळे ७ व ८ हे अंक दोन्हीकडे येतात. एसटीडी खरोखरच रोखायची असेल तर कोड तपशिलाने लिहावे लागतात. आज एसटीडी आणि मोबाईल यांच्या दरात पूर्वीसारखी तफावत उरलेली नसल्याने केवळ ०० ने सुरू होणारे परदेशी कॉल अडवणे बहुतेक ठिकाणी पुरेसे आहे. परदेशी कॉल मात्र अडवावेतच, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, कारण बाहेरून कॉल करून आत शिरणे व त्याच यंत्रातून परदेशी कॉल फिरवणे ही फसवणूक छोट्या व्यवसायांच्या वाट्यालाही येते.

काम स्वीकारण्यापूर्वीची चाचणी घाईत उरकू नये. तारांचा वेष्टनरोध मेगर या उपकरणाने मोजताना फोन व यंत्र दोन्ही बाजूंनी सुटे केलेले असावेत, अन्यथा मेगरचा उच्च दाब कार्ड जाळतो. प्रत्येक एक्स्टेंशनवरून आत व बाहेर एकेक कॉल, प्रत्येक ट्रंकवर येणारा एक कॉल, कॉल एका फोनवरून दुसऱ्याकडे देणे, आणि शेवटी मुख्य स्विच प्रत्यक्ष बंद करून रिलेवरच्या फोनची तपासणी, एवढे मालकाच्या समोर झाले पाहिजे. पलीकडच्या माणसाने फोन ठेवल्यावर ट्रंक मोकळी होते का, हेही पाहावे. काही लाईनवर कॉल संपल्याचा संकेत येत नाही, यंत्र ती लाईन धरून बसते आणि चार ट्रंकचे रुग्णालय नकळत तीन ट्रंकचे होते. यानंतर तंत्रज्ञाकडून एक तक्ता लिहून घ्यावा, ज्यात जोडीचा क्रमांक व रंग, मॉड्यूलवरील जागा, पोर्ट, खोली आणि एक्स्टेंशन क्रमांक एका ओळीत असतील. त्याची एक प्रत चौकटीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी आणि दुसरी पासवर्डसह कार्यालयाच्या दप्तरात ठेवावी. छोट्या कामांत हा तक्ता क्वचितच मागितला जातो आणि म्हणून क्वचितच दिला जातो. वास्तविक देयकाचा शेवटचा हप्ता त्याच्यावरच अवलंबून ठेवायला हवा, कारण तक्ता नसलेली यंत्रणा ती बसवणाऱ्या एका माणसाच्या स्मरणशक्तीवर चालत असते.

बाहेरच्या तांब्याच्या लाईनची जागा आता काचतंतू घेत आहे आणि त्यामुळे वर सांगितलेली काही गृहीतके बदलतात. काचतंतूतून वीज वाहत नाही, म्हणून खांबावरून येणाऱ्या झटक्याचा एक मार्ग बंद होतो, हा लाभ मोठा आहे. पण त्याच कारणाने दूरच्या एक्सचेंजमधून मिळणारी वीजही थांबते. फोनची लाईन आता इमारतीतल्या ओएनटी या छोट्या डबीतून निघते, आणि ती डबी बंद असेल तर रिलेने जोडलेला फोनही मुका राहतो. म्हणून ईपीएबीएक्सला जोडलेल्या यूपीएसवरच ओएनटीचा प्लगही असावा. काही व्यवसाय आणखी पुढे जाऊन ट्रंक इंटरनेटवरून घेतात आणि फोनही संगणकाच्या जाळ्यावर चालवतात. अशा फोनला वीज बहुधा केबलमधूनच नेटवर्क स्विचकडून मिळते, त्यामुळे त्या स्विचलाही बॅटरीचा आधार लागतो. ज्या इमारतीत जोड्या व्यवस्थित पिळलेल्या, रंगाच्या क्रमाने लावलेल्या आणि तक्त्यात नोंदलेल्या आहेत तिथे खोल्यांतील साधे फोन जुन्या तारांवर तसेच ठेवून केवळ मध्यवर्ती यंत्र बदलता येते, आणि इंटरनेटवरच्या ट्रंक व जुने फोन एकत्र चालवणारी मिश्र यंत्रे त्यासाठी बाजारात मिळतात.